पंधरा दिवसांनी या

सरकारी दवाखान्याच्या औषधखिडकीत बसणाऱ्या माझ्या भावाबहिणींना, केसपेपरवर सही करणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना, आणि कुठल्या खिडकीला किती गोळ्या पोचाव्यात हे ठरवणाऱ्या वरच्या साहेबांना,

सप्रेम नमस्कार.

मी औषध निर्माण अधिकारी म्हणून ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी बीड जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत. आता निवृत्त आहे. हल्ली मेंदूच्या आरोग्यावर कुणी बोलायला उभं राहिलं की 'समानुभूती' हा शब्द हटकून येतो. रुग्णाशी गोड बोला, हात हातात घ्या, त्याचं शांतपणे ऐकून घ्या. चांगलंच आहे. पण माझ्या खिडकीला गज होते, आणि गजांमधून फक्त गोळ्या देता येतात. म्हणून हे पत्र मिरगीच्या गोळ्यांबद्दल आहे.

साल बहुधा २००९. पावसाळा संपत आलेला. एक बाई खिडकीशी आली, सोबत तेरा-चौदा वर्षांचा मुलगा, त्याच्या डाव्या मनगटाला फडकं गुंडाळलेलं. मुलाला मिरगी. रात्रीची एक फेनोबार्बिटोनची गोळी चालू होती. मी केसपेपरवरची तारीख बघितली आणि आवाज चढवला. "पंधरा दिवसांच्या दिल्या होत्या. आज सव्विसावा दिवस. अकरा दिवस पोरगं बिनगोळीचं ठेवलंत?" तिनं पदराची गाठ सोडली आणि गोळ्यांचे चार अर्धे तुकडे खिडकीच्या फळीवर मांडले.

"मग या उरल्या कशा?"

"उरल्या न्हाईत सायेब, उरवल्यात."

तिचा हिशोब साधा होता. वाडीपासून डांबरी रस्त्यापर्यंत दोन तास पायी. तिथून एसटी दिवसातून एकच, ती चुकली की दिवस गेला. पोराला एकटं ठेवता येत नाही, म्हणजे दोघांचं भाडं. तिचा रोज बुडतो, आणि पोराला सांभाळायला घरी कुणी नाही म्हणून शेताच्या बांधावर ते जे काही काम करायचं, तेही बुडतं. महिन्यातून दोनदा हे परवडत नाही. गोळी अर्धी केली की पंधराच्या तीस होतात, महिना निघतो. सव्विसाव्या दिवशी चार अर्धुकं शिल्लक, हिशोब चोख होता. ती चार दिवस आधी आली, कारण त्या आठवड्यात पोरगं तीनदा पडलं होतं आणि तिसऱ्या वेळी चुलीपाशी पडलं होतं.

मी तरीही तिला झापलं. अर्धी गोळी म्हणजे न घेतल्यासारखीच, इतकंही कळत नाही का, वगैरे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग म्हैन्याच्या का देत न्हाई?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मागच्या कपाटात डबे भरलेले होते. दुपारी मी जुनी परिपत्रकं उपसली, पंधरा दिवसांचा नियम कुठं लिहिलाय ते शोधायला. सापडला नाही. माझ्या आधीचे पंधरा दिवसांच्या देत होते म्हणून मी देत होतो, इतकंच. परदुःख शीतळ असतं म्हणतात. मला तर ते शीतळही लागत नव्हतं, कारण खिडकीतून त्या बाईचा फक्त हात दिसायचा. वाडी, रस्ता, एसटी, रोज, चूल यांतलं काही दिसत नसे.

आमच्याकडे 'समानुभूती' कुणी म्हणत नाही. 'त्या माणसाला जाण आहे' असं म्हणतात. कळवळा आणि जाण यांत फरक आहे. कळवळ्यानं डोळे भरून येतात. जाण असलेला माणूस विचारतो, "बाई, पुढची फेरी तुम्हाला कधी जमेल?" मी त्यानंतर हा प्रश्न विचारायला लागलो, आणि उरलेल्या नोकरीत मिरगीच्या रुग्णांचं जे काही भलं माझ्या हातून झालं ते बहुतेक या एका प्रश्नानं झालं.

तुमच्यापैकी नव्यांना माहीत असावं म्हणून सांगतो. फेनोबार्बिटोन हे औषध १९१२ पासून बाजारात आहे. शंभर वर्षांहून जुनं, आणि इतकं स्वस्त की मिरगीच्या एका रुग्णाचा वर्षाचा उपचार पाच डॉलरइतक्या कमी खर्चातही होऊ शकतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगत आली आहे. जगात मिरगीचे सुमारे ५ कोटी लोक आहेत. त्यांतले जवळपास ८० टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. नीट निदान आणि नीट औषध मिळालं तर १०० पैकी ७० जणांपर्यंत फिट थांबू शकतात. तरीही सर्वांत गरीब देशांत चारातल्या तिघांना उपचारच मिळत नाहीत. आपल्या देशात या आजाराचे लोक एक कोटीच्या आसपास धरले जातात.

आजार गरिबाकडेच जास्त का, यालाही कारणं आहेत. अडलेल्या बाळंतपणात बाळाच्या मेंदूला प्राणवायू कमी पडतो. तापाचा, मेंदूज्वराचा उपचार उशिरा होतो. डोक्याला मार लागतो. आणि एक जंत आहे, डुकरातला पट्टकृमी. माणसाच्या विष्ठेतून त्याची अंडी मातीत, भाजीवर, पाण्यात जातात आणि तिथून पुन्हा माणसाच्या पोटात, पोटातून मेंदूत. तिथं त्याची गाठ होते आणि फिट येतात. "आम्ही तर माळकरी, डुकराचं मांस कशाला खाऊ" असं मला किती जणांनी सांगितलं असेल. खायची गरज नाही. शेजारी उघड्यावर बसत असेल आणि कोथिंबीर नीट धुतली नसेल, तेवढं पुरे. जगातल्या मिरगीतली चौथाई टाळता येण्यासारखी आहे असं मानतात, ते या सगळ्या कारणांमुळेच. पण तो संडासांचा आणि बाळंतपणाचा मोठा विषय झाला. मी खिडकीवरच राहतो.

उच्च उत्पन्नाच्या देशांत एक लाख लोकसंख्येमागे मेंदूविकारांवर काम करणारे सातजण असतात, अतिगरीब देशांत ०.१. ही तफावत भरून काढायला पिढ्या जातील. न्यूरोलॉजिस्ट काही इंडेंट, म्हणजे औषधांचं मागणीपत्र, भरून मागवता येत नाही. गोळ्या मात्र मागवता येतात.

आता ऊसतोडीचं सांगतो. बीडच्या बाहेरच्यांना हे ठाऊक नसतं आणि मिरगीची विषमता मी सर्वांत जवळून पाहिली ती इथंच.

दसरा-दिवाळी झाली की आमच्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर भागातली गावं रिकामी होतात. माणसं कोल्हापूर, सांगली, सातारा, पार कर्नाटकापर्यंत कारखान्यांवर जातात ती मार्च-एप्रिलला परततात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते आणि ती नवरा-बायकोच्या जोडीला मिळते. त्या जोडीला कोयता म्हणतात. एकटा असला तर अर्धा कोयता. या जोडीतल्या एकाला मिरगी असली तर काय होतं ते बघा. ऊस भरायला गाडी रात्री दोनला येते, कधी तीनला. झोप मोडते, आणि अपुरी झोप फिट आणणाऱ्या कारणांत पहिल्या ओळीत येते. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. फळीवर फिट आली तर वरून खाली. हातात कोयता असतो ते वेगळंच. आणि खिशात आम्ही दिलेल्या गोळ्या किती? पंधरा.

सोळाव्या दिवशी तो माणूस काय करणार? कारखान्याच्या तळावरून परक्या तालुक्याच्या दवाखान्यात जाईल, तिथला डॉक्टर म्हणेल जुना केसपेपर दाखवा, तो गावी घराच्या आढ्याला खोचलेला. मग गोळी बंद. आणि फेनोबार्बिटोन एकाएकी बंद केलं तर पूर्वीपेक्षा जोरात, लागोपाठ फिट येऊ शकतात. म्हणजे आम्ही पंधरा गोळ्या देऊन त्याला काही न देण्यापेक्षा अवघड जागी नेऊन सोडलं. एका माणसाला मुकादमानं तळावरून हंगामाच्या मध्यात परत पाठवला, 'बाधा झाली' म्हणून. उचल फिटली नव्हती. पुढची दोन वर्षं ती जोडी त्याच उचलीपायी जात राहिली.

त्यानंतर मी दर सप्टेंबरला आशाताईंना विचारून घ्यायचो, गावातून मिरगीचं कोण कोण तोडीला चाललंय. त्यांना निघताना जमेल तेवढ्या, कमीत कमी दोन महिन्यांच्या गोळ्या. सोबत पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी: आजाराचं नाव, औषध, प्रमाण, किती वाजता. वैद्यकीय अधिकाऱ्यांची सही. तो पुठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत. माझा खर्च एका वर्षाला एक रिकामं खोकं आणि एक मार्कर. साहेब, हे मी शौर्य म्हणून सांगत नाही. हे कुठंही लिहून ठेवलेलं नव्हतं, म्हणून माझी बदली झाली तशी ते थांबलं. पुढच्या वर्षी तिथले दोघंजण मला नव्या ठिकाणी शोधत आले, नव्वद किलोमीटरवर. गोळ्यांसाठी.

दुसरी गोष्ट बायकांची. खिडकीवर तरुण मुलीच्या नावाचा केसपेपर घेऊन बाप किंवा भाऊ यायचा, मुलगी कधी नाही. "गोळ्या कागदात बांधून द्या, पाकीट नको." लग्न जमायचं असतं ना. मिरगी हे कारण दाखवून हिंदू विवाह रद्द ठरवता येत असे, ती तरतूद कायद्यातून १९९९ मध्येच काढून टाकली. पण कायद्यातून शब्द गेला तरी सोयरिकीच्या बैठकीतून गेलेला नाही. लग्न लपवून होतं, सासरी गोळ्यांचं पाकीट दिसू नये म्हणून मुलगी गोळ्या सोडते, हळदीच्या जागरणानं आणि गोळी सुटल्यानं आठवड्यात फिट येते, आणि मग "फसवलं" म्हणून माहेरी. ही साखळी मी इतक्या वेळा पाहिली की लग्नसराईत केसपेपरवर विशीतलं नाव दिसलं की आधी तारीखच विचारायचो.

इथं आपल्या खात्याची म्हणून एक चूक आहे, आणि ती गंभीर आहे. साठ्यात सोडियम व्हॅल्प्रोएट असलं की ते ज्याला त्याला दिलं जातं. औषध प्रभावी आहे. पण गरोदरपणात घेतलं गेलं तर साधारण दहातल्या एका बाळात जन्मजात व्यंग आढळतं आणि १०० तल्या ३० ते ४० मुलांत पुढं बोलण्याच्या, शिकण्याच्या अडचणी येतात. मूल होण्याच्या वयातल्या मुली-बायकांना ते सुरू करू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनं स्पष्ट सांगितलं आहे. लेव्हेटिरासिटाम, लॅमोट्रिजीन ही तुलनेनं सुरक्षित औषधं आहेत, ती मोठ्या शहरात पहिल्या भेटीत लिहून मिळतात. वाडीवरच्या मुलीला मात्र कपाटात जे आहे ते मिळतं. (ही ओळ वाचून कुणी आपल्या मनानं गोळी बंद करू नये. डॉक्टरांना विचारून बदलायची असते.) पण आधी ती बाई खिडकीपर्यंत स्वतः यायला हवी. तिला बाजूला घेऊन लग्न, दिवस, पाळी याबद्दल विचारणारी नर्सताई हवी. बाप हे सांगणार नाही, आणि खिडकीच्या गजांमधून मोठ्यानं विचारायची ही गोष्ट नाही.

मिरगीपुरतंच हे नाही. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेच्या संशोधकांनी गावोगावच्या मृत्यूंची कारणं शोधली तेव्हा तिथं मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण लकवा निघालं, साधारण सातातला एक मृत्यू. आणि त्यातली बहुतेक माणसं घरीच गेली. लकव्यात मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांत द्यावं लागतं. साडेचार तासांत आमच्या काही वाड्यांवरून रस्ताही येत नाही. म्हातारपणी विसरायला होणाऱ्यांना अजून 'चळ लागला' म्हणतात आणि सून बिचारी एकटीच सांभाळत असते. हे सगळं मोठं आहे आणि माझ्या हातातलं नव्हतं. मिरगीची गोळी हातात होती म्हणून तिच्याबद्दल लिहितो आहे.

तुमची हरकत मला माहीत आहे, कारण ती माझीही होती. जास्त गोळ्या दिल्या तर विकतील, हरवतील, कुणी रागाच्या भरात एकदम खाऊन टाकेल. फेनोबार्बिटोन नियंत्रित औषधांच्या यादीत आहे, जास्त प्रमाणात घातक आहे, हे खरं. नवीन रुग्णाला पहिले काही आठवडे पंधरा दिवसांनी बोलावणंच बरोबर, मात्रा ठरायची असते, अंगावर पुरळ उठतं का ते बघायचं असतं. घरात वाद चालू असतील, रुग्ण उदास असेल, तर थोड्याच द्या. पण हे ठरवायला विचारावं लागतं. सरसकट पंधरा देण्यात काळजी नाही, विचारायचा आळस आहे. रक्तदाबाच्या रुग्णाला आपण महिन्याच्या गोळ्या देतोच. कोरोनाच्या टाळेबंदीत एचआयव्हीच्या रुग्णांना त्यांची औषधं देणाऱ्या एआरटी केंद्रांनी एकदम दोन-तीन महिन्यांच्या दिल्या, आकाश कोसळलं नाही.

आणि डॉक्टर मोठा हवा असंही नाही. चीनच्या खेड्यांत २००० सालानंतर एक प्रयोग झाला. तिथल्या साध्या, गावपातळीच्या डॉक्टरांना थोडं प्रशिक्षण दिलं आणि हेच आपलं फेनोबार्बिटोन दिलं, सुमारे अडीच हजार रुग्णांना. वर्षभर औषध घेतलेल्यांत १०० पैकी ६८ जणांच्या फिट निम्म्यावर किंवा त्याहून खाली आल्या. आपल्याकडे जिल्ह्या-जिल्ह्यात शिबिरं होतात, मुंबई-पुण्याचे मोठे डॉक्टर येतात, निदान उत्तम होतं, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण शिबिराचा मांडव उतरला की दुसऱ्या महिन्याची गोळी पुन्हा आमच्याच खिडकीतून जायची असते, आणि शिबिरात लिहून दिलेलं औषध आमच्या कपाटात नसतं. "बाहेरून घ्या" ही चिठ्ठी मी स्वतःच्या हातानं किती लिहिली, मोजदाद नाही.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांच्या सभेत मिरगी आणि इतर मेंदूविकारांसाठी २०३१ पर्यंतचा कृती आराखडा मंजूर झाला. २०२१ मध्ये मिरगीच्या जितक्या लोकांपर्यंत सेवा पोचत होती त्यात निम्म्यानं वाढ करायची, असं त्यात ध्येय आहे. भारत त्या सभेचा सदस्य आहे. इकडं उपकेंद्रांची आयुष्मान आरोग्य मंदिरं झाली, तिथं समुदाय आरोग्य अधिकारी बसतात, आणि कागदावरच्या त्यांच्या सेवांत मानसिक आणि मेंदूच्या आजारांचंही नाव आहे. मग वरच्या साहेबांना माझी मागणी अशी, की स्थिर झालेल्या मिरगीच्या रुग्णाची गोळी त्या उपकेंद्रात मिळू द्या, दोन महिन्यांची, आणि ते लेखी परिपत्रकात येऊ द्या, म्हणजे माझ्यासारख्याच्या बदलीनं ते मरणार नाही. तोडीला जाणाऱ्यांची यादी सप्टेंबरात व्हावी आणि एका तालुक्याचा पुठ्ठा दुसऱ्या तालुक्यात चालावा. इंडेंट भरताना मिरगीच्या औषधांचा आकडा गेल्या वर्षीचा उतरवू नका. गेल्या वर्षी कमी गेल्या कारण माणसं पोचू शकली नाहीत, गरज कमी होती म्हणून नव्हे. दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत पार्किन्सन आहे, मिरगी नाही, म्हणून त्या पोराला एसटीची दिव्यांगांची सवलतही नाही. ते दिल्लीचं काम, मला कळतं, पण इथून पत्र तर जाऊ शकतं. आईला बाई म्हणून मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट झालं, ते चांगलं झालं. रोज मात्र पूर्णच बुडतो.

खिडकीतल्या भावाबहिणींनो, तुमच्याकडे परिपत्रक येईपर्यंत थांबायचं कारण नाही. नोंदवहीत शेरा असा एक रकाना असतो, तो बहुतेक रिकामाच राहतो. त्यात रुग्ण कुठून येतो आणि कशानं येतो एवढं लिहा. माझ्या वहीत त्या बाईच्या नावापुढं लिहिलेलं आहे: 'वाडी, पायी २ तास, एसटी १, बुधवारी बाजार.' पुढच्या सगळ्या नोंदी बुधवारच्या आहेत आणि प्रत्येकीपुढं ६० आहे.

आपला,
एक निवृत्त औषध निर्माण अधिकारी

ता.क. खिडकीसमोरच्या रांगेत कुणाला फिट आली तर गर्दी बाजूला करा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, गळ्याजवळचं बटण सैल करा, झटके ओसरले की कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर चाललं तर डॉक्टरांना हाक मारा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. कुणीतरी चप्पल काढून पुढं येईलच, त्याला ती पायात घालायला सांगा. कांदा आणायला पळणाऱ्याला रिक्षा आणायला पाठवा.